गुरुजी नऊ दिवस गप्प का बसले?

मंडळी, पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा. ज्यांच्याबद्दल लिहितोय त्यांना आधी वाचून दाखवली आहे. त्यांनी दोन ओळी खोडायला लावल्या, बाकी "जाऊ दे, लिही" म्हणाले. नाव, गाव, तालुका मुद्दाम दिलेला नाही. कुणी ओळखलंच तर कृपा करून कमेंटमध्ये लिहू नका.

२०२५ चा फेब्रुवारी. बाजाराचा दिवस होता, मी ऑफिसात बातम्या टाइप करत होतो. ऑफिस म्हणजे काय, झेरॉक्सच्या दुकानामागची दहा बाय दहाची खोली. दारात गुरुजी उभे. जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला मला शिकवलं त्यांनी. निवृत्त होऊन बारा-तेरा वर्षं झालीत. हातात कापडी पिशवी, पिशवीत पासबुक. मला वाटलं पेन्शनचं काही अडलं असेल. आमच्याकडे लोक त्यासाठीच येतात, तहसील, पेन्शन, सातबारा.

बसले. पाणी दिलं, प्यायले नाहीत. म्हणाले, "दार लोटून घे."

मग सांगितलं. चौदा लाख साठ हजार गेले होते. दोन एफडी मोडल्या, बचत खातं रिकामं केलं. एक फोन आला होता. तुमच्या आधारवर घेतलेल्या सिमवरून मनी लाँडरिंग झालंय, मुंबईत गुन्हा दाखल आहे. मग व्हिडिओ कॉल. समोर वर्दीतला माणूस, मागे भिंतीवर अशोकस्तंभ, टेबलावर फायली. 'तुम्हाला डिजिटल अटक करण्यात आली आहे, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही, बोललात तर घरच्यांनाही आत घेऊ.' दोन दिवस गुरुजी त्या फोनसमोर बसून होते. काकूंना सांगितलं, पेन्शनची ऑनलाइन पडताळणी चालू आहे. बँकेत पैसे पाठवायला गेले तेव्हा काउंटरवरच्या मुलीने विचारलंसुद्धा, "गुरुजी, एवढी रक्कम कुणाला?" त्यावर म्हणाले, "मुलाच्या घराला."

मी विचारलं, कधी झालं हे? म्हणाले, आज नववा दिवस.

नऊ दिवस! मी जवळजवळ ओरडलोच. "गुरुजी, पहिल्या तासाभरात १९३० ला फोन केला असता तर काहीतरी अडवता आलं असतं. पंतप्रधानांनी ऑक्टोबरमध्ये रेडिओवर हेच सांगितलं होतं. थांबा, विचार करा, मग कृती करा."

"ऐकलं होतं की," गुरुजी म्हणाले. "मीच काकूंना समजावून सांगितलं होतं."

"मग कुणाला बोलला का नाहीत?"

गुरुजी बराच वेळ पिशवीच्या बंदाशी चाळा करत राहिले. मग म्हणाले, "तूच एक बातमी लावली होतीस ना दोन वर्षांपूर्वी? तो आमचा शिक्षकबंधू, पार्टटाइम जॉबवाला. त्याचं पुढं काय झालं ते बघितलंय मी."

मंडळी, ही पोस्ट मी त्या वाक्यासाठी लिहितोय.

ती बातमी मला आठवत होती. हेडिंग मीच दिलं होतं: 'झटपट पैशांचा मोह नडला, निवृत्त शिक्षकाला १० लाखांचा गंडा'. नाव छापलं नव्हतं, नियम पाळला होता. पण गाव होतं, वय होतं, शाळा होती. मग राहिलं काय? आठ दिवसांत अख्ख्या तालुक्याला कळलं. पोरांनी त्यांचं नाव 'टास्क मास्तर' ठेवलं. लग्नात, दहाव्याला, एसटी स्टँडवर लोक हसायचे. त्यांनी गावात येणं-जाणं कमी केलं, नंतर मुलाकडे राहायला गेले. चोर कुठल्या देशात बसला होता ते कुणाला माहीत नव्हतं, हसायला मात्र समोर माणूस होता. आणि तो माणूस लोकांच्या हातात मीच दिला होता. पत्रकारितेचा डिप्लोमा करताना आम्हाला शिकवलं होतं की हेडिंगमध्ये वाचकाला पकडायचं. वाचक पकडला, चोर सुटला. आणि पुढच्या माणसाचं तोंड मी शिवून ठेवलं.

असो. आम्ही दोघं तिथूनच पोलीस ठाण्यात गेलो. साहेब चांगले होते, हसले नाहीत. तक्रार पोर्टलवर चढली, नंतर गुन्हाही नोंदवला गेला. काही दिवसांनी तपासावरच्या एका कर्मचाऱ्याने मला कागदावर बाण काढून पैशांचा रस्ता समजावला. पहिला मुक्काम दुसऱ्या राज्यातलं एक खातं, ते एका रोजंदारीवरच्या मजुराच्या नावावर. तिथून पंधरा-वीस मिनिटांत रक्कम फोडून अनेक खात्यांत. काही एटीएममधून निघाली. बाकीची क्रिप्टो होऊन देशाबाहेर. शेवटच्या बाणाच्या टोकाला त्याने प्रश्नचिन्ह काढलं आणि म्हणाला, "इथून पुढं आपली हद्द नाही."

हद्द! आमच्याकडे हा शब्द रोजचा आहे. अपघात झाला की आधी हद्द बघतात, या ठाण्याची की त्या ठाण्याची. पण या गुन्ह्यात हद्द बदलली ती थेट देशाची. त्या दिवसापासून मी 'सायबर डिप्लोमसी' हा शब्द गंभीरपणे वाचायला लागलो. तोवर मला वाटायचं, हे दिल्लीतल्या सुटाबुटातल्या लोकांचं काम, आपल्या तालुक्याच्या पानावर त्याला जागा नाही. आपल्या परराष्ट्र मंत्रालयात या विषयाचा वेगळा विभाग आहे हेही मला तेव्हाच कळलं.

साध्या भाषेत सांगायचं तर गोष्ट अशी. चोर एका देशात, त्याचा सर्व्हर दुसऱ्या, पैसे तिसऱ्या आणि लुटला गेलेला माणूस आपल्या गावात. पोलीस तिथे जाऊन दार ठोठावू शकत नाहीत. त्या देशाला विनंती करावी लागते, की बाबा हे खातं गोठव, हा माणूस पकड, ही माहिती जपून ठेव. ती विनंती ठाण्यातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून राज्याला, तिथून दिल्लीला, मग त्या देशाच्या सरकारला आणि तिथून त्यांच्या पोलिसांना. कागद पोहोचेपर्यंत महिने जातात. पैसे मिनिटांत जातात. हे अंतर कमी करण्यासाठी देशादेशांत जे करार, ओळखी, चोवीस तास चालणारे संपर्क उभे करतात, ती सायबर डिप्लोमसी. यात दुसरीही बाजू आहे. एका देशाने दुसऱ्याच्या वीजयंत्रणेवर, दवाखान्यांवर, बँकांवर संगणकातून हल्ला करू नये, यासाठीचे नियम. संयुक्त राष्ट्रांत २०१५ मध्ये असे ११ नियम मान्य झाले. पण ते ऐच्छिक आहेत. मोडले तर शिक्षा नाही.

हे फार लांबचं वाटत असेल तर पुण्याकडे बघा. कॉसमॉस बँक, १९०६ सालची, आपल्या सहकारातली जुनी बँक. ऑगस्ट २०१८ मध्ये तिच्यावर हल्ला झाला. ११ ऑगस्टला, शनिवारी, काही तासांत बनावट कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले. भारतातही निघाले, आपल्या कोल्हापुरातूनसुद्धा. मग सोमवारी, १३ तारखेला, 'स्विफ्ट' या आंतरराष्ट्रीय बँक यंत्रणेतून १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगच्या एका खात्यात गेले. एकूण ९४ कोटींवर डल्ला. पुढच्या वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांच्या अहवालात ही घटना उत्तर कोरियाच्या नावापुढे आली. पुण्याच्या शिवाजीनगर भागातली सहकारी बँक आणि उत्तर कोरिया! कुणी कादंबरीत लिहिलं असतं तर आपण हसलो असतो.

२०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवलं. ती इथली माणसं होती, एटीएमला कार्ड घालणारी. ज्यांनी हे रचलं ते लांबच राहिले. पण एक गोष्ट लक्षात ठेवा. हाँगकाँगला गेलेल्या रकमेचा माग लागला, तिथल्या यंत्रणेशी वेळेत बोलणं झालं, आणि त्यातली काही रक्कम परत आली. म्हणजे देशादेशांतली ओळख कामाला येते. पण ती कामाला यायची तर ओरड लवकर व्हावी लागते. बँकेने ओरड केली. गुरुजी नऊ दिवस गप्प होते.

मार्च उजाडला. १० मार्च २०२५ ला हवाई दलाच्या विमानाने थायलंडच्या माई सॉटहून २८३ भारतीयांना परत आणलं, दुसऱ्या दिवशी आणखी २६६ जणांना. ही सगळी मुलं थायलंडमध्ये नोकरी लागणार म्हणून गेली होती. डेटा एंट्री, कस्टमर केअर, पगार डॉलरमध्ये. तिथून नदी ओलांडून म्यानमारमध्ये नेलं, पासपोर्ट काढून घेतले, आणि तारेच्या कुंपणाआड बसवून फोनवरून लोकांना लुटायला लावलं. टार्गेट पूर्ण नाही झालं तर मार. त्यानंतरच्या महिन्यात महाराष्ट्र सायबरनेही म्यानमारमधून साठाहून जास्त लोक सोडवून आणले. आपल्या राज्यातली पोरंही यात अडकलेली. ती सुटली ती दूतावासांनी थायलंड आणि म्यानमारशी बोलून बोलूनच. डिप्लोमसी म्हणतात ती हीच.

ती बातमी मी गुरुजींना दाखवायला घेऊन गेलो. वाटलं, यंत्रणा हलते आहे हे बघून त्यांना बरं वाटेल. त्यांनी चष्मा लावून सगळी वाचली. म्हणाले, "यातला एखादा माझ्याशी बोलला असेल का रे?"

मी म्हणालो, सांगता येत नाही.

"पहिला जो बोलला तो पोरगा घाबरल्यासारखा वाटला होता मला," गुरुजी म्हणाले. "मला वाटलं, माझ्या गुन्ह्याला घाबरलाय."

त्यावर मला काही बोलता आलं नाही. चाळीस वर्षं पोरं सांभाळलेला माणूस, चौदा लाख गमावल्यावरही त्याला पलीकडचं पोरगं दिसत होतं. आणि खरं सांगतो, तशा नोकऱ्यांच्या जाहिराती आपल्या तालुक्याच्या रोजगार ग्रुपवर मी स्वतः बघितल्यात. 'थायलंड, दुबई, इंग्रजी येत असल्यास त्वरित संपर्क.' मी तिकडे कधी दोनदा बघितलं नाही. तसंच 'तुमचं बँक खातं वापरायला द्या, महिन्याला पाच हजार घ्या.' कॉलेजची पोरं हे हसत हसत करतात. त्यांना माहीतही नसतं, की कुणा गुरुजीची एफडी त्यांच्या खात्यातून जाऊन देशाबाहेर पडते. म्हणजे या साखळीचं एक टोक लुटला जाणारा म्हातारा, मधली कडी भाड्याच्या खात्यावाला पोरगा, आणि दुसरं टोक कुंपणातला मुलगा. तिन्ही आपल्याच गावचे असू शकतात.

आता करारांचं काय? २००१ चा बुडापेस्ट करार आहे, सायबर गुन्ह्यांवरचा पहिला मोठा. भारताने त्यावर सही केलेली नाही. तो लिहिताना आम्हाला विचारलं नव्हतं आणि परक्या देशाला आपल्याकडच्या माहितीला हात घालता येईल, असे आक्षेप होते. मग संयुक्त राष्ट्रांचा नवा करार झाला. २४ डिसेंबर २०२४ ला तो आमसभेत मंजूर झाला, ऑक्टोबर २०२५ मध्ये व्हिएतनामच्या हनोईत सह्या सुरू झाल्या. तो लागू व्हायला ४० देशांची अंतिम मान्यता लागते. वेळ जाईल. पत्रकार म्हणून मला त्यातली एक भीतीही सांगितली पाहिजे. 'गुन्हेगाराची माहिती द्या' म्हणत उद्या एखादं सरकार पत्रकाराची, आंदोलकाची माहितीही दुसऱ्या देशाकडे मागू शकतं, असं मानवाधिकारवाल्या संघटना म्हणतायत. ते उगाच नाही. चोरासाठी लावलेलं जाळं कुणावर टाकलं जातंय, हे बघत राहावं लागेल.

पण करार उद्या झाला, उत्तम झाला, तरी गुरुजींचे नऊ दिवस तो भरून काढणार नाही. ते काम दिल्लीचंही नाही, हनोईचंही नाही.

एक देश आहे, एस्टोनिया. रशियाला लागून. लोकसंख्या साधारण १३ लाख. आपला नगर जिल्हा, आता अहिल्यानगर, २०११ च्या जनगणनेत ४५ लाखांवर होता. म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढाही नाही. २००७ च्या एप्रिलअखेरीस तिथल्या सरकारने राजधानीतला सोव्हिएत काळातल्या सैनिकाचा पुतळा हलवला. त्यावरून दंगे झाले आणि त्याच सुमारास देशावर सायबर हल्ला सुरू झाला. बँका, सरकारी साइट, वर्तमानपत्रं, तीनेक आठवडे कोलमडत होती. बोट रशियाकडे दाखवलं गेलं, रशियाने हात झटकले. पुढच्याच वर्षी त्यांच्या राजधानीत, टॅलिनला, नाटोचं सायबर संरक्षण केंद्र सुरू झालं. ती झाली डिप्लोमसी. पण मला त्याच्याइतकंच दुसरं काम मोठं वाटतं. त्यांनी नागरिक स्वयंसेवकांचं सायबर दल उभं केलं. दिवसा कंपनीत नोकरी करणारी संगणकातली माणसं, गरज पडली की देशासाठी धावणारी. आपल्याकडे वणवा लागला, विहिरीत कुणी पडलं, की गावातली पोहणारी पोरं धावतात, तसं.

आपल्याला हे जमणार नाही असं कुणी म्हणत असेल, तर त्याने आधी हिवरे बाजारला जाऊन यावं. तिथे पाऊस किती पडला, पाणी किती साठलं आणि कुणी कोणतं पीक घ्यायचं, याचा ताळेबंद दरवर्षी ग्रामसभेत मांडतात. दुष्काळ दिल्लीने पाठवलेला नव्हता, पण त्यातून उभं राहायचं ठरवलं ते गावाने चावडीवर बसून. हिवरे बाजारची खरी कमाई बंधाऱ्यांच्या आधी ती आहे, असं मला वाटतं. आमच्याकडे पाणी नाही, हे सगळ्यांसमोर मोजून सांगण्याची सवय. लपवलं असतं तर कुणाचंच भागलं नसतं.

आणि आपल्याच जिल्ह्यात शनिशिंगणापूर आहे. घरांना दारं नाहीत, देव राखतो ही श्रद्धा. २०११ मध्ये युको बँकेने तिथे कुलूप नसलेली शाखा काढली, तेव्हा देशभर बातमी झाली होती. त्याच देवस्थानच्या नावाने बनावट ॲप चालवून भाविकांकडून ऑनलाइन पूजेचे पैसे घेतल्याचं प्रकरण २०२५ मध्ये बाहेर आलं. गुन्हा दाखल झाला, विधानसभेत विषय गाजला. मी त्या प्रकरणाच्या राजकारणात जात नाही. मला एवढंच दिसलं, की दार नसलेल्या गावात शेजाऱ्याचा शेजाऱ्यावर डोळा असतो. अनोळखी माणूस वाड्यात शिरला की चार लोक विचारतात, कोण पाहिजे? ॲपमध्ये शिरलेल्याला ते विचारायला कुणी नव्हतं. घरोघरचा भाविक एकटा होता, हातात फोन घेऊन. गुरुजीही दोन दिवस एकटेच होते. माणसाला आधी एकटं पाडायचं, मग लुटायचं, एवढीच यांची विद्या आहे.

एकटं पाडतात तसंच कधी जमाव करूनही वापरतात. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी आली म्हणून व्हॉट्सॲपवर अफवा फिरत होती. मंगळवेढ्याकडच्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून जमावाने मारलं. भिक्षा मागायला आलेली माणसं. त्या वर्षी देशभर फिरलेल्या अशा व्हिडिओंपैकी एक तर कराचीतल्या संस्थेने मुलांच्या सुरक्षेसाठी बनवलेला होता, शेवटचा खुलासा कापून टाकलेला. त्यानंतर सरकारने व्हॉट्सॲपला जाब विचारला आणि कंपनीने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणली. आपल्या फोनमध्ये आज जी मर्यादा आहे, तिच्यामागे राईनपाड्याचीही पाच प्रेतं आहेत.

त्याच दिवशी मालेगावातही अशाच अफवेवरून एका कुटुंबाला जमावाने घेरलं होतं. सोबत लहान मूल. तिथे पोलीस आणि काही स्थानिक लोक मध्ये पडले, माणसं वाचली. अफवा तीच, फोन तेच. एकीकडे मध्ये पडणारं कुणी निघालं, दुसरीकडे नाही. 'समाजाची लवचिकता', 'डिजिटल सक्षमता' असले शब्द परिषदांमध्ये वापरतात. मला त्याचा अर्थ मालेगावच्या त्या दाराशी कळतो.

आता माझीच दुसरी चूक. मे २०२५, ऑपरेशन सिंदूरचे दिवस. नगर म्हणजे लष्कराचं गाव, रणगाड्यांचं प्रशिक्षण केंद्र आपल्याकडे, घरटी कुणीतरी फौजेत. त्या रात्री फोन थांबत नव्हता. एक व्हिडिओ आला, स्फोट, धूर, लोक पळतायत. मी 'मोठी बातमी' लिहून तालुक्याच्या ग्रुपवर टाकला. अकरा मिनिटांनी काढला, कारण एका फौजी मित्राने फोन करून झापलं. अकरा मिनिटांत तो किती ग्रुपवर गेला देव जाणे. त्या रात्री कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याच्या खोट्या बातम्या मोठमोठ्या वाहिन्यांनीही चालवल्या, पण ते काही माझं निमित्त होऊ शकत नाही. एटीएम दोन-तीन दिवस बंद राहणार, हीसुद्धा अफवाच निघाली, सरकारच्या फॅक्ट चेकने खुलासा केला. पण तोवर आमच्या चौकातल्या एटीएमला रांग लागून गेली होती. त्यांना बॉम्ब टाकायची गरजच काय? आम्हीच आमच्या हाताने रांग लावली.

मी दुसऱ्या दिवशी ग्रुपवर लिहिलं: 'काल रात्रीचा व्हिडिओ खोटा होता. मी न तपासता टाकला. चूक माझी.' लिहायला हात जड झाला होता. वाटलं, आता लोक म्हणतील हा कसला पत्रकार. दोघं-तिघं म्हणालेही. पण संध्याकाळपर्यंत आणखी चार जणांनी लिहिलं, 'मीही टाकला होता, काढतोय.' एकाने कबूल केलं की दुसऱ्याला सोपं जातं. गुरुजींच्या बाबतीत मी नेमकं याच्या उलटं केलं होतं.

तेव्हापासून मी काही गोष्टी बदलल्या आहेत. सांगतो, पटलं तर घ्या.

फसवणुकीच्या बातमीत 'मोह', 'लालसा', 'आमिषाला बळी' हे शब्द मी लिहीत नाही. गाव आणि शाळा देत नाही. त्याऐवजी चोर काय बोलला, कोणत्या टप्प्यावर काय सांगितलं, हे सविस्तर देतो. कारण तीच वाक्यं उद्या तुम्हाला ऐकू येणार आहेत. प्रत्येक बातमीच्या शेवटी १९३० हा नंबर असतो. डेस्कवाल्यांनी सुरुवातीला कुरकुर केली, जागा वाया जाते म्हणून. आता करत नाहीत.

दुसरं. गेल्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेत गुरुजी उभे राहून बोलले. स्वतःहून. मी नको म्हणत होतो. घरकुल, गटार, दिवाबत्तीचे विषय झाल्यावर ते उठले आणि वर्गात सांगायचे तशा आवाजात म्हणाले, "माझे चौदा लाख साठ हजार गेले. कसे गेले ते सांगतो." सभेत शांतता. मागे दोन पोरं हसली, एका म्हातारीने त्यांना गप्प केलं. गुरुजींनी सगळं सांगितलं, वर्दी, अशोकस्तंभ, बँकेतल्या मुलीशी बोललेलं खोटं. शेवटी फळ्यावर लिहावं तसं बोट हलवत म्हणाले, "पोलीस फोनवर अटक करत नाहीत. कायद्यात असं काही नाही. आणि जो सांगतो की कुणाला बोलू नको, तो चोर समजायचा."

सभा संपल्यावर तीन माणसं त्यांच्यामागे घरी गेली. तिघांचे पैसे गेले होते. एकाचे दोन हजार, एकाचे साठ, तिसऱ्याने आकडा सांगितला नाही. तिघांनीही घरी सांगितलेलं नव्हतं. एका ग्रामसभेत, एका गावात तीन. २०२४ मध्ये देशात सायबर फसवणुकीत २२,८४५ कोटी गेले, असं केंद्राने संसदेत सांगितलं. तो आकडा कळवलेल्यांचा आहे. न कळवलेले त्या तिघांसारखे घरोघर बसलेत.

मला माहिती आहे, सगळं लोकांवर ढकलून चालणार नाही. गेल्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल अटकेच्या प्रकरणांचा तपास सीबीआयकडे दिला, ते योग्यच झालं. भाड्याची खाती उघडू देणाऱ्या यंत्रणांना, बनावट सिम विकणाऱ्यांना जाब विचारायलाच हवा. आपल्या सरकारने थायलंड, म्यानमार, कंबोडिया, लाओसशी सतत बोलत राहिलं पाहिजे, करारांच्या टेबलावर बसलं पाहिजे. जिल्ह्याच्या सायबर ठाण्याला माणसं आणि साधनं वाढवून दिली पाहिजेत. हे मी विचारत राहणार, तुम्हीही खासदार-आमदारांना विचारा. मत मागायला येतात तेव्हा रस्त्यासोबत हेही विचारा.

पण परदेशातल्या अधिकाऱ्याच्या टेबलावर आपला कागद वेळेत जायचा असेल, तर त्याची सुरुवात आपल्या घरातल्या ओसरीवर होते. कुणीतरी "माझं चुकलं, पैसे गेले" असं पहिल्या तासात म्हणावं लागतं. आणि ते म्हणता यावं असं घर, असं गाव, अशी वर्तमानपत्रं असावी लागतात.

तर मंडळी, एवढंच करा. आज घरातल्या म्हाताऱ्या माणसाला फोन हातात घेऊन १९३० हा नंबर सेव्ह करून द्या. देताना त्यांना सांगा, "काही झालं तर आधी मला सांगा, मी ओरडणार नाही." आणि खरंच ओरडू नका. घरातला पोरगा कुणाला खातं वापरायला देत असेल तर त्याला बसवून विचारा. परदेशातल्या नोकरीची जाहिरात आली तर फॉरवर्ड करण्याआधी परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर एजंट नोंदलेला आहे का बघा. आणि तुमच्या पुढच्या ग्रामसभेत दहा मिनिटं या विषयाला मागून घ्या. बोलायला कुणी मिळत नसेल तर मला सांगा. गुरुजी यायला तयार आहेत, गाडीभाडं नको म्हणतात, फक्त लवकर घरी सोडा म्हणतात.

त्यांच्या पैशांपैकी एका खात्यात एक्केचाळीस हजार अडकलेले सापडले. ते कोर्टामार्फत मिळायचे आहेत. बाकीचे कुठे गेले, त्या कागदावरच्या बाणापुढे अजून प्रश्नचिन्हच आहे.

त्या पार्टटाइम जॉबवाल्या शिक्षकांना मी मागच्या महिन्यात मुलाच्या घरी जाऊन भेटलो. माफी मागितली. ते म्हणाले, "चहा घेणार?" दुसरं काही बोलले नाहीत. चहा घेऊन आलो.